कडी कोणत्या बाजूला

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांना जी खोली मिळाली तिच्यात आधीपासूनच भाडेकरू होते. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर उभी, आडवी, एकमेकांना खेटून बसलेली पुठ्ठ्याची खोकी. प्रत्येक खोक्यावर काहीतरी भयंकर चितारलेलं. पाण्यातून वर आलेला हात, डोळे नसलेला चेहरा, अंधाऱ्या घराच्या खिडकीत एकच मेणबत्ती.

"आई, भीती वाटत असेल तर त्यांच्यावर चादर टाकते," लेक म्हणाली.

सासूबाईंनी उभा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढला होता. रंगवलेल्या हाताला घाबरण्याइतकं त्यांचं काळीज कच्चं नव्हतं. भीती नाही, पण दुसरंच काहीतरी त्यांना छळू लागलं. आत काय असेल?

हा त्यांचा जुना रोग. इतकी वर्षं लोकांच्या पोटात काय आहे ते बघण्यात गेली म्हणून म्हणा, पण बंद वस्तू दिसली की त्यांना चैन पडत नसे. शेजाऱ्यांकडे पार्सल आलं तरी त्या जिन्यात काहीतरी काम काढून उभ्या राहत. आणि इथे तर उशापासून पायथ्यापर्यंत बंद खोकीच खोकी. चार दिवस त्यांनी स्वतःला आवरलं. पाचव्या दिवशी जावई कामावरून आला, त्याने हात धुतले, आणि सासूबाईंनी त्याला चहाच्या आधीच गाठलं.

"जावईबापू, हे काय प्रकरण आहे ते एकदा सांगून टाका बघू. तुमच्या खोक्यांनी माझी झोप उडवलीय."

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. अबोल माणूस. जेवताना "भाजी छान झालीय" एवढं बोलला तरी लेक म्हणायची, आज स्वारी फार बोलतेय. पण खोक्यांचं नाव काढलं आणि त्याच्या तोंडाला जे कुलूप होतं ते गळून पडलं. त्याने हात पुन्हा एकदा धुतले, कोरडे पुसले, आणि एक खोकं खाली काढलं.

"झाकण ओढायचं नाही, आई. दोन्ही बाजूंनी तळहात लावायचे, जरासं हलवायचं, आत हवा जाऊ द्यायची. मग ते आपणहून वर येतं. ओढलं की कोपरे फाटतात."

खोकी जुनी होती, आणि तेच त्यांचं मोल. ती छापणारी बरीचशी मंडळी केव्हाच दुकान बंद करून बसली होती. फाटके कोपरे जावई घरी शिजवलेल्या खळीने आणि पातळ कागदाने सांधायचा. आत पुस्तकं, घडी घातलेले नकाशे, आणि नाना आकारांचे फासे. कुणाला चार बाजू, कुणाला वीस. त्या काळी फाशांवरचे आकडे रंगवलेले नसत. सोबत मेणाचा एक खडू देत, तो आकड्याच्या खाचेत घासायचा आणि वरून पुसून घ्यायचा. एका खोक्यात तो खडूही होता, कुणाच्यातरी दातांच्या खुणांसकट.

"चावला कुणी?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणास ठाऊक. घाबरून असेल."

खेळ असा होता. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा घडीचा पडदा उभा, आणि पडद्याआड पुस्तक. पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं, भूत कुठे आहे, कुणी कुणाला मारलं, कुठली पायरी खचणार. सूत्रधार सांगतो, तुम्ही एका घरापाशी आलात, दार अर्धवट उघडं आहे, काय करता? बाकीचे ज्याचं त्याचं पात्र होऊन सांगतात, मी आत जातो, मी पळतो, मी दिवा वर धरतो. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. एकेक मोहीम महिनोन्‌महिने चालते. शेवट काय होतो ते फक्त सूत्रधाराला ठाऊक.

"आणि सूत्रधार कोण?"

"मीच. कायम मीच," जावई म्हणाला. "खोकी मी घेतो. घेताना पानन्‌पान तपासून घ्यावं लागतं, काही गहाळ तर नाही ना. म्हणजे वाचून होतं. वाचलेल्या माणसाला खेळता येत नाही, मग सूत्रधार व्हावंच लागतं."

हे सांगताना तो फाशांकडे बघत होता. सासूबाईंची नजर मात्र सर्वांत वरच्या फळीवर गेली. तिथे एक खोकं तपकिरी कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवलेलं होतं. एवढ्या सगळ्यांत तेवढं एकच अंगभर कपडे घालून बसलेलं.

"आणि ते?"

जावई म्हणाला, "ते मी बघितलेलं नाही."

त्यात दीपगृहाची मोहीम होती. त्याच्यासारखी माणसं जिच्या नावानेही उसासे टाकतात अशी. एका म्हाताऱ्याच्या घरातला पसारा विकायला काढला होता, तिथे ते मिळालं. जावयाने विकणाऱ्याला सांगितलं, मला दाखवू नका, आधी कागदात गुंडाळा. विकणाऱ्याला वाटलं असेल, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर परिणाम झालाय. तेव्हापासून ते तसंच वर होतं.

"इतकी वर्षं मी लोकांना दारापाशी नेऊन उभं करतोय, आई. त्यांची बोबडी वळते, मला मजा वाटते. पण मी स्वतः कधी दार उघडलेलं नाही. पलीकडे काय आहे ते मला आधीच ठाऊक असतं. एकदा, एकदाच, मला ठाऊक नसताना दार उघडायचंय." आणि मग एवढं मनातलं बोललो म्हणून शरमल्यासारखा तो फासे पिशवीत भरू लागला. "पण सूत्रधार व्हायला कुणी तयार नाही. वाचायचा कंटाळा सगळ्यांना."

सासूबाईंचे डोळे अजून सुतळीवर होते. आता त्यांना जावयाची दया आली असं म्हणायला बरं वाटेल, आणि थोडी आलीही असेल. पण खरं सांगायचं तर त्यांना ते खोकं उघडायचं होतं.

"मी वाचते," त्या म्हणाल्या.

* * *

खेळणारे तिघे. जावई, एक दातांच्या डॉक्टरबाई, आणि पाट्या रंगवणारा एक इतका उंच गृहस्थ की त्याला सगळे खांब म्हणत, त्याची बायकोसुद्धा. दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बैठक बसायची. लेक या भानगडीत नसे. "तुमची भुतं पाच वाजता आवरा, मला टेबल लागतं," एवढीच तिची अट होती.

सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि सुतळी सोडली. आत तीन पुस्तकं होती, पाठीवर एक, दोन, तीन असे ठळक आकडे. चष्मा चढवून त्यांनी पहिलं पुस्तक वाचायला घेतलं आणि जेवायला हाका आल्या तरी उठल्या नाहीत.

बंदराच्या टोकाला एक दीपगृह. राखणदार मेलेला, तरी रोज संध्याकाळी दिवा लागतो. जिन्यावर ओली पावलं, सगळी आत जाणारी, बाहेर येणारं एकही नाही. टेबलावर गरम चहा, कप तीन. आणि तळघरात एक लोखंडी दार, आतून बंद. त्यावर कुणीतरी ठोकतं. दोनदा सावकाश, एकदा जोरात.

इथे सासूबाईंनी एक चूक केली. कुठलाही सूत्रधार आधी मोहीम शेवटपर्यंत वाचतो, मगच पडदा मांडतो. पण सासूबाईंना वाटलं, एवढी चांगली वस्तू एका दमात का संपवायची? एक पुस्तक वाचावं, ते खेळवावं, मग दुसरं. लाडू पुरवून खावा तसं. ऑपरेशनआधी सगळी हत्यारं दोनदा मोजून घेणाऱ्या बाईला हे सुचावं, याचं पुढे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पहिल्याच रविवारी कळलं की सासूबाईंच्या आवाजात जादू आहे. त्या आवाज चढवत नसत, खोल करत नसत, काही नाही. भुलीच्या टेबलावर आडव्या झालेल्या माणसाशी बोलावं तशा बोलत. "काही नाही हं. जिन्यावर जरा ओलं आहे. पाय जपून टाका. आणि वर बघू नका." खांब भर दुपारी खुर्ची जवळ ओढून बसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आवाज मी दवाखान्यात लावला तर पेशंट खुर्चीतून पळून जातील."

आणि जावई! सासूबाई पडद्यावरून हळूच त्याच्याकडे बघत. घरात मुका असणारा हा माणूस पुढे वाकून, डोळे मोठे करून, प्रश्नांवर प्रश्न विचारत होता. कंदील कुणी धरायचा यावरून खांब आणि डॉक्टरबाई हमरीतुमरीवर आले. "तू उंच आहेस, तू धर." "उंच आहे म्हणून माझंच डोकं आधी आपटणार!" जावई मध्ये पडला, "भांडा नंतर, आधी ठोकून बघू." आणि त्याने टेबलावर ठोकलं. दोनदा सावकाश, एकदा जोरात. आपण तळघरातल्या त्या आवाजासारखंच ठोकतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. सासूबाईंच्या मात्र आलं, आणि त्यांनी ते मनात ठेवून दिलं.

असे कित्येक रविवार गेले. दुसरं पुस्तक पहिल्याहून सरस निघालं. घरात जावई आता बोलू लागला होता. शिडीवरून, लिफ्टच्या खड्ड्यातून, जिथे असेल तिथून त्याला सुचायचं आणि तो संध्याकाळी येऊन विचारायचा, "आई, त्या तिसऱ्या कपाला ओठ लागले होते का? नाही नाही, सांगू नका!" लेक म्हणाली, "माझ्याशी लग्न ठरलं तेव्हासुद्धा हा इतका हुरळला नव्हता." ती हे हसत म्हणाली, पण त्यात थोडी तक्रारही होती.

दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तिघे तळघरात, लोखंडी दारासमोर उभे होते. दाराची मूठ हळूहळू फिरू लागली होती. "पुढचं पुढच्या रविवारी," सासूबाई म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं. जावई उठायलाच तयार नव्हता. त्याचा जीव टांगणीला लागला होता आणि त्याला ते मनापासून आवडत होतं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी तिसरं पुस्तक उघडलं.

पहिलं पान ओळखीचं वाटलं. दुसरंही. त्यांनी मधलं पान काढलं, शेवटचं काढलं. मग दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. पाठीवर तीन आकडा, मुखपृष्ठ तिसऱ्याचं, आणि पोटात अथपासून इतिपर्यंत दुसरंच पुस्तक. बांधणाऱ्याने कव्हर चुकवलं होतं. नुसतं मोजणाऱ्याला तीन पुस्तकं बरोबर भरली असती. आत डोकावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि प्रत्येक खोकं पानन्‌पान तपासून घेणारा त्यांचा जावई एवढं एकच खोकं न बघता घरी घेऊन आला होता.

सासूबाईंनी दोन्ही पुस्तकं मिटली. आणि लगेच, जावयाचा विचार मनात यायच्याही आधी, त्या चिडून स्वतःशीच म्हणाल्या, "अरे पण मग दाराच्या पलीकडे आहे तरी कोण?"

* * *

सोमवारी त्या काठी टेकत खांबाच्या दुकानात गेल्या. तो एका पाटीवर पिवळा रंग भरत होता. सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, ही दीपगृहाची मोहीम आणखी कुणाकडे असेल हो?

"दोघातिघांकडे आहे म्हणतात. पण गंमत अशी की ज्यांच्याकडे आहे ते शेवटाविषयी चकार शब्द काढत नाहीत. सगळे म्हणतात, असा शेवट सांगायचा नसतो."

सासूबाई रंगाच्या डब्याकडे बघत राहिल्या. का काढत नाहीत ते त्यांना उमगलं. सगळ्याच खोक्यांत तिसऱ्याच्या कव्हरात दुसरंच पुस्तक असणार. आणि आपल्याकडचं रत्न फुटकं आहे हे कोण कबूल करणार?

म्हणजे शेवट कुणालाच ठाऊक नव्हता.

सांगून टाकावं का? सांगण्यासाठी त्या दोनदा जावयाच्या खुर्चीपर्यंत गेल्या. एकदा तो कोपरे सांधत बसला होता आणि शीळ घालत होता. लेकीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस शीळ घालतो हे सासूबाईंना माहीतच नव्हतं. दुसऱ्यांदा त्यानेच वर बघून विचारलं, "तिसरं वाचलंत ना? चेहऱ्यावरून कळतंय. भयंकर आहे ना? काही बोलू नका!" त्यांनी तोंड मिटलं. त्याचं एक दार होतं. ते उघडायच्या आधीच त्याला सांगायचं, की बाबा रे, याच्यामागे भिंतच आहे? सासूबाईंच्याने ते होईना.

मग दुसरा मार्ग एकच. त्यांनी दोन्ही पुस्तकं पुन्हा वाचली. पावलं, कप, दिवा, ठोकणं, सगळं घोळवलं. अंघोळ करताना, भाजी निवडताना, गुडघ्याचे व्यायाम करताना त्या शेवट शोधत होत्या. अखेर एक जमला. राखणदाराची एक मुलगी होती, लहानपणी हरवलेली. दाराच्या पलीकडे ती. बरा होता, डोळ्यांत पाणी आणणारा. त्यांनी तो मनात पक्का केला आणि शनिवारी गाढ झोपल्या.

* * *

रविवारी खांबाने पडदे ओढले. सासूबाईंनी चष्मा लावला, पडद्याआड ते खोटं तिसरं पुस्तक उघडून ठेवलं आणि घसा साफ केला.

"मूठ फिरतेय," त्या म्हणाल्या. "सावकाश."

"मला वाटतं आत त्याची मुलगी असणार," खांब म्हणाला. "हरवलेली वगैरे. या लोकांचं नेहमीचंच असतं. मुलगी निघाली तर मी पैसे परत मागेन."

डॉक्टरबाई हसल्या. जावई हसला नाही. तो सासूबाईंकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक भीती होती, पण ही भीती वेगळी. खांब म्हणतोय तेच निघालं तर?

सासूबाईंच्या चष्म्याची काच घामाने धुरकट झाली. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि पुन्हा लावायचं सोडून केसमध्ये घालून ठेवला. वाचायचं होतंच काय? आठवडाभर घोटलेला शेवट खांबाने एका वाक्यात मातीत घातला होता. आता त्यांच्याजवळ काही म्हणजे काही नव्हतं. त्यांना एक जुने सर्जन आठवले. फोटोत एक दिसायचं आणि पोट उघडल्यावर भलतंच निघायचं, तेव्हा ते म्हणत, सिस्टर, घाई नको, आधी नीट बघू. त्या आवाजानेच सगळ्यांचे हात स्थिर व्हायचे.

"मूठ थांबली," सासूबाई म्हणाल्या. "काय करता?"

डॉक्टरबाईंनी कान लावला. पलीकडे श्वास ऐकू येतोय, असं सासूबाईंनी सांगितलं. खांबाने हाक मारली. उत्तर नाही. जावई मात्र काहीच करेना. भुवया आवळून तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. रोज दहा ठिकाणची अडकलेली दारं उघडणारा माणूस तो, आणि दार उघडण्याआधी तो जे विचारतो तेच त्याने आताही विचारलं.

"कडी कोणत्या बाजूला आहे?"

पुस्तकात हे कुठेच नव्हतं. सासूबाईंनी तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"तुमच्या," त्या म्हणाल्या.

"पण दार तर आतून बंद आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून तुम्ही म्हणताय. आतून बंद."

"हो."

"म्हणजे आत..." आणि त्यापुढे डॉक्टरबाईंचीच दातखीळ बसली.

"आत आपण आहोत," जावई म्हणाला.

सासूबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. अगं बाई, खरंच की! आत जाणारी पावलं, बाहेर येणारं एकही नाही. कप तीन, आणि हे तिघे. सगळं कसं पटापट जागेवर जाऊन बसत होतं, आणि त्या स्वतः ते पहिल्यांदा बघत होत्या.

"कडीला हात लावा," त्या त्याच आवाजात म्हणाल्या. "थंड लागेल जराशी. काढता?"

जावयाच्या हातात फासा होता. तो त्याने टाकला नाही, त्याच्या बोटांतून तो निसटला आणि टेबलावरून गडगडत जमिनीवर गेला. कुणी उचलायला वाकलं नाही. इतकी वर्षं ज्या दारासाठी तो झुरत होता ते समोर होतं आणि त्याचा हात पुढे होत नव्हता. खांब पुटपुटला, "नको काढूस." डॉक्टरबाईंनी त्याची बाही धरली. जावयाने सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं, खूप वेळ. मग म्हणाला, "काढतो."

"कडी निघाली. दार उघडलं. पलीकडे जिना आहे, आणि जिन्यावर उजेड येतोय." सासूबाई सांगत गेल्या, आणि त्यांना ते दिसत गेलं. "तिघे जण खाली येतायत. एक इतका उंच की त्याला मान वाकवावी लागतेय. त्यांना तुम्ही दिसत नाही. ते भांडतायत. एक बाई म्हणतेय, तू उंच आहेस, तू धर. तो म्हणतोय, उंच आहे म्हणून माझंच डोकं आधी आपटणार."

खांबाने तोंडावर हात ठेवला.

"तिसरा म्हणतोय, भांडा नंतर, आधी ठोकून बघू. त्याच्यापुढे दार मिटलेलंच आहे. तो हात उचलतो." सासूबाईंनी टेबलाच्या लाकडावर बोटाच्या पेराने ठोकलं. दोनदा सावकाश, एकदा जोरात.

खांबाने अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग आज संध्याकाळी दिवा कोण लावणार?"

"ते तुम्ही ठरवा," सासूबाई म्हणाल्या आणि पडदा मिटला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि चौघेही किंचाळले. लेक होती. पाच वाजले होते, तिला टेबल हवं होतं.

* * *

पाहुणे गेले. जाताना खांबाने जिन्यातला दिवा लावला, मग दचकून हात मागे घेतला, मग स्वतःलाच हसला. जावई कप विसळत होता. त्याने नळ बंद केला, हात पुसले, कोरडे केले आणि सासूबाईंसमोर येऊन बसला.

"आता तिसरं पुस्तक बघू का? आता तर वाचायला हरकत नाही."

सासूबाईंनी सकाळपासून सगळ्याचा विचार केला होता, याचा केला नव्हता. "बघाल हो. दमलाय आज. नंतर बघा."

"तुमचा चष्मा केसमध्ये होता, आई."

आता लपवण्यात काही राम नव्हता. त्यांनी पुस्तक काढून त्याच्यापुढे सरकवलं. जावयाने पाठ बघितली, मग पहिलं पान, मग मधलं. दुसरं पुस्तक त्याने वाचलं नव्हतं, पण या खेळातच त्याची हयात गेली होती. दोनचार ओळींतच त्याला ओलं तळघर आणि मुठीचा आवाज भेटला, आणि काय झालंय ते कळलं.

"मी आधी सगळं वाचायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. "पुरवून पुरवून वाचायला गेले. तुमचं एकच खोकं होतं, जावईबापू, आणि त्याचा शेवट मी आपला तोंडाला येईल तसा सांगितला. मला फार वाईट वाटतंय."

जावई हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत.

"कडीचं विचारलं तेव्हाच कळलं मला. सूत्रधार असं काही विचारलं की खाली पुस्तकात बघतो. मी तरी कायम बघतो. तुम्ही बघितलंच नाही. चष्मासुद्धा नव्हता." त्याने पुस्तक मिटलं. "आई, पुस्तकात असतं ना, म्हणजे कुणीतरी आधी तिथे जाऊन आलेलं असतं. तुम्ही ते आधी बघितलेलं असतं तर मला एवढी भीती नसती वाटली. पण पलीकडे काय आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही, इथे कुणालाच ठाऊक नाही, हे कळलं आणि..." त्याने नुसता हात पुढे केला. "बघा."

सासूबाईंनी सवयीने मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. हात अजून गार होता. बोटांखाली नाडी पळत होती, चार मजले धावत चढून आलेल्या माणसाची पळावी तशी. त्यांनी काटा पूर्ण फिरू दिला. आकडा मात्र त्याला सांगितला नाही.

"अजून उतरायला तयार नाही," त्या म्हणाल्या. कित्येक वर्षांत एखाद्याची नाडी वाढलेली बघून त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"मी कडी काढली नसती तर काय केलं असतंत?"

"ते मला काय माहीत!" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात सोडला नव्हता. "पण आता मलाही त्या दारापाशी एकदा उभं राहून बघायचंय. पुढच्या रविवारी पडद्यामागे तुम्ही बसा. आणि हे बघा, काही वाचून येऊ नका."